अरवा जुनैद परकार हिच्या नावाबाबत

मी, जुनैद हसन परकार, वय सत्तावीस, मूळ राहणार बाणकोट, तालुका मंडणगड, सध्या जेद्दा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शाळा नववीत सुटली, तरी प्रत्येक ओळ दोनदा वाचून पुढे गेलो आहे. मला आजार नाही. रविवारी मी इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, कचेरीत स्वतःच्या पायाने जाऊन गुन्हा कबूल करणार आहे. पुढे माझे काय होईल ते ठाऊक नाही, म्हणून आजच लिहितो.

१. अरवा, वय दीड वर्ष, ही माझी व माझी बायको आमिना हिची मुलगी आहे. आमिनाचे वडील ब्रह्मदेशातून जीव घेऊन पळाले. ती इथेच जन्मली, पण कोणताच देश तिला आपली म्हणत नाही. इकामा नाही, म्हणून बाळंतपणाला इस्पितळ घेईना. तेव्हा माझे चुलतभाऊ गफूर यांची बायको खतीजाभाभी म्हणाली, "माझा इकामा ने. बुरख्यात कोण ओळखतंय?" आमिना वाचली, पोर वाचली. जन्मदाखल्यावर मात्र आई खतीजा, बाप गफूर असे लागले. चूक माझी. ती मीच दुरुस्त करणार.

२. मोबाइलची दुकाने फक्त सौदी माणसांनी चालवायची असा हुकूम झाला आणि मी जिथे फोन दुरुस्त करायचो ते गफूरभाईंचे दुकान बंद पडले. ते कुटुंबासह कायमचे गावी निघाले आहेत. मला म्हणाले, "पोरीला आमच्या कागदावर नेतो. शाळा, रेशनकार्ड, सगळं होईल. तू गप्प बस."

"आणि तिची आई?"

"तिला कुठला देश घेणार, बाबा?"

मी गप्प बसणार नाही. बापाकडे हिंदुस्थानचा पासपोर्ट आहे, म्हणजे मुलीला देश आहे. तो तिला माझ्या नावाने मिळेल, उसन्या नावाने नाही.

३. बाणकोटच्या घरात माझ्या दोन खोल्या आहेत. वारसांचे हिस्से शरीयतने ठरलेले आहेत, त्यात मी हात घालत नाही. फक्त अरवाला मुलगी आणि आमिनाला बायको म्हणून मोजावे. कोणी भाऊबंद कागद मागेल, त्याला निकाहनामा दाखवावा. मूळ प्रत आमिनाजवळ, नक्कल शेजारी कादिरभाईंकडे आहे.

४. दुरुस्तीची हत्यारे मेहेर म्हणून आमिनाला आधीच दिली आहेत. ज्या फोनांसाठी लोकांनी माझी पाठ थोपटली, त्यांतले निम्मे तिने घरी बसून जोडले.

५. दाखल्यावरची नावे बदलतील का विचारले, तेव्हा कफीलचा, म्हणजे मला जामीन असलेल्या सौदी मालकाचा, कारकून म्हणाला होता, "फॉर्म भरला गेला, खलास." त्याला अरवाचा एक फोटो द्यावा. टेबलावर ठेवील.

६. मी तुरुंगात गेलो किंवा मेलो, तरी कादिरभाईंनी आमिनाच्या इकाम्याचा अर्ज थांबवू नये. तिच्या लोकांतल्या काहींना इकामा मिळाला आहे. तिलाही मिळालाच पाहिजे, भीक म्हणून नव्हे.

हे कोणाच्या धाकाने लिहिलेले नाही. धाक होता, तो न लिहिण्यासाठी.

जेद्दा, शुक्रवार, २१ ऑक्टोबर २०१६
(सही) जुनैद हसन परकार

साक्षीदार:

(सही) कादिर इस्माईल मुकादम, शेजारी

(सही) खतीजा गफूर परकार. दाखल्यावर आई म्हणून लिहिलेली ती मी. अरवा माझ्या पोटची नाही, आमिनाची आहे. रविवारी कचेरीत मीही जाणार. नवऱ्याने सही करू नको म्हणून सांगितले आहे. केली.