पिवळ्या हौदातला माणूस

अण्णा, गेल्या आठवड्यात मोरोक्कोहून परत आलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, वाळवंटातनं उठून पुन्हा वाळवंटातच कशाला तडफडायचं? पण हल्ली इथली आपली माणसं सुट्टीत काही बघायला जात नाहीत, फोटो काढायला जातात. इथे मस्कतला, अल् खुवैरच्या आमच्या इमारतीतलं पुण्याचं एक कुटुंब आणि आम्ही तिघं, असे मिळून फेझ नावाच्या जुन्या शहरात गेलो. कुठे फोटो चांगले येतात ते पुण्याच्या वहिनींनी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून ठेवलं होतं. निळ्या नक्षीची वेस, ती सकाळच्या तिरप्या उन्हात. जुन्या मदरशाचा चौक, रंगाऱ्यांची गल्ली, टेकडीवरून दिसणारं संध्याकाळचं शहर. आणि सगळ्यात देखणी जागा म्हणून शेवटी राखून ठेवलेले, कातडी कमावायचे हौद. ते वाचलं आणि मी फोन पालथा घातला.

आजोबांचे हौद मी लहानपणी एकदाच पाहिले. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. बाभळीच्या सालीच्या लालसर पाण्यात ते मांडीपर्यंत उभे होते आणि मला बघून हसले होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. तोच अभिमान घेऊन मी इकडे ओमानात, बरक्याला परत आलो. तुम्ही काम करायचात त्या गॅरेजच्या मागे आपल्या दोन खोल्या. गणपती बसलाय, मस्कतहून दोन मराठी कुटुंबं मुद्दाम आलीत, आईनं पहाटेपासून मोदक केलेत, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे आहात. एक काकू मला मांडीवर घेते, विचारते, गाव कुठलं रे तुमचं, आजोबा काय करतात? आडनावावरून कळलं नव्हतं, म्हणून पोराला विचारून बघणं चाललं होतं, हे आज समजतं. मी खुशीत सांगतो, आजोबा हौदात उतरून कातडी कमावतात, त्यांचे पाय लाल आहेत. काकूनं मला मांडीवरून अगदी हळू खाली उतरवलं. कुणी काही वावगं बोललं नाही. सगळ्यांना एकदम परतायची घाई झाली आणि मोदकांच्या ताटल्या तशाच राहिल्या.

तुम्ही ते मोदक गॅरेजातल्या पठाण आणि मल्याळी पोरांना नेऊन दिलेत. परत आलात तेव्हा मला वाटलं, आता मार बसणार. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "तू खोटं न्हाई बोललास. पन हितनं फुडं कुनाला खरं सांगायचं न्हाई." मारलं असतंत तर बरं झालं असतं, मार विसरता येतो. मग तुम्ही गॅरेजच्या मालकाच्या, अर्बाबच्या हातापाया पडून लांब रुस्ताकच्या गॅरेजात बदली मागून घेतलीत. तिथे कुणी विचारलंच तर शेती सांगायची, असं ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तुम्ही म्हणायचात. त्या मुठीपायी आईला बोलायला एक मराठी बाईमाणूस उरलं नाही. तिथेच एका दुपारी गाडीखाली काम करता करता तुम्ही गेलात आणि तुमच्याविषयी मराठीत दोन शब्द बोलायला दारात कुणी उभं नव्हतं. तुम्ही आम्हाला कशापासून वाचवलंत, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

फेझला हौद बघायचे तर एका चामड्याच्या दुकानातून गच्चीवर चढावं लागतं. जिन्यापाशी दुकानदार प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी ठेवतो, नाकाला लावायला. खाली चुन्याचे पांढरे हौद, तपकिरी हौद, पिवळे हौद आणि त्यांत मांडीपर्यंत उतरलेली माणसं. पुण्याचे भाऊजी नाकाशी पुदिना धरून म्हणाले, बिचारे, कसे जगत असतील, पण फ्रेम काय येतेय. मी काडी खिशात घातली. त्यांच्याकडे बाभळीची साल नसते, वास थोडा वेगळा होता, तरी मी तो ओळखला. माझी मुलगी नववीत आहे, शाळेत फ्रेंच शिकते, त्यामुळे तिचं आणि दुकानदाराचं चांगलंच जमलं होतं. ती धावत आली. म्हणाली, "बाबा, तो यलोमधला माणूस आहे ना, तो यांचा ब्रदर आहे. यांचे फादर, ग्रँडफादर, सगळे हेच काम करायचे." दुकानदारानं खाली हाक मारली. त्या माणसानं वर बघून हात केला आणि मुलीनं फोटो काढला. मग दुकानदार माझ्याकडे, माझ्या रिकाम्या हाताकडे बघून तिला काहीतरी म्हणाला.

"बाबा, ते विचारतायत, तुझे ग्रँडफादर काय काम करायचे?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत आहे, तिचं माहेर आपल्यातलंच. पलीकडे भाऊजी आणि वहिनी पुदिना हुंगत उभे होते. खाली तो माणूस अजून वर बघत होता.

"शेती," मी म्हणालो.

मुलीनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. चांगलं काम, मोकळ्या हवेतलं, असं दुकानदार म्हणाला, तेही तिनं मला मराठीत करून सांगितलं. अण्णा, आयुष्यभर हा शब्द सांगत आलो, पण त्या गच्चीवर मला त्याची लाज वाटली.

आता तो फोटो मोठा करून आमच्या हॉलमध्ये लावलाय. पिवळ्या पाण्यात उभा राहून हात वर केलेला माणूस, लोकांनी नाकं दाबून पाहिलेला. येणारेजाणारे वाहवा करतात. मुलगी प्रत्येकाला सांगते, हा दुकानदाराचा भाऊ, हे त्यांचं पिढ्यांचं काम. दुसऱ्याच्या घराण्याचं किती कौतुकानं सांगते. मी तिथून उठून पाणी प्यायला जातो.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर, फोटोच्या खाली, उघडंच ठेवणार आहे, मुलीच्या नजरेला पडेल असं. फक्त एक कबूल करतो. तिला मराठी बोलता येतं, तेही अडखळत. वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हा हे मला ठाऊक होतं.