किनाऱ्यावरची मेंढरं

मंगळवार, संध्याकाळ. सोलापूर.

आज आईला मी बनवत असलेला कॉम्प्युटर गेम पहिल्यांदा खेळायला दिला. मुलगी समुद्रात उतरते, तळाशी झोपलेल्या देवाला जागं करते, एवढीच गोष्ट. लहानपणापासून पडणाऱ्या माझ्या स्वप्नातली; दर वेळी पाण्यात उतरताना घाबरून जागी व्हायचे. किनाऱ्यावर मेंढरं काढलीत, ती नुसती शोभेला.

आई पाण्यात उतरेचना. मेंढरांभोवतीच फिरत राहिली. मी म्हटलं, "अगं, देव खाली आहे."

"आसू दे की. मेंढरं हितं टाकून कुटं जाऊ? कोण बघंल त्यास्नी?"

मेंढरांमागं जन्म गेला तिचा, तिला काय सांगणार? आधी चिडलेच. मग तीच मेंढरं डोळ्यांपुढून हलेनात. स्वप्नात मला भीती कशाची वाटायची? पाण्याची, की एकटीनं उतरायची?

शेवटी तिलाच विचारलं, मेंढरं पाण्यात घालायची कशी?

"एक धरून उतरीव. बाकीची मागनं येत्यात."

कच्चंच, पण गेममध्ये तसं करून बघितलं. मुलीनं एक मेंढी धरून पाण्यात घेतली आणि मागोमाग सगळा कळप उतरला. निळ्या अंधारात पांढरे ठिपके, खाली खाली जाणारे. स्वप्नात एवढा उजेड कधीच नव्हता.

आई भाकरी थापता थापता उठून आली. पिठाच्या हातानंच पडद्यावरच्या मुलीकडं बोट केलं.

"हां. आता चल."