खालच्या थरातला श्वास

१३ जुलै, रविवार

आज मैदानावर मी मरणार होते. कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे.

गुरुपौर्णिमेला दहीहंडीच्या सरावाचा नारळ फोडला, त्यानंतरचा हा पहिला रविवार. पोरी भरपूर. महेशदादा शिट्टी गळ्यात अडकवून जोशात, म्हणे पाच थर लावूया. मी नेहमीच्या जागी, खालच्या थरात. माझ्या खांद्यावर रेश्मा. तिच्या वर अजून कोण कोण, आणि टोकाला तन्वी, यंदा कॉलेजात गेलेली.

चौथा थर उभा राहीपर्यंत सगळं ठीक. मग एकदम छातीत धडधड. पळल्यावर होते ती नव्हे, आतून कोणी दार बडवावं तशी. बोटांना मुंग्या. श्वास आत जातोय पण पुरत नाहीये. नाकासमोर शेजारणीची घामेजलेली मान, आणि डोक्यात एकच, बाबांना झालं तेच हे. बाबा खडवलीला अंगणात बसल्या बसल्या गेले. हार्ट.

पळायचं होतं. पण खालच्या थरातल्या बाईला पळता येत नाही. आधी टोकाची उतरणार, मग तिच्या खालची, मग रेश्मा, मग मी. उभं सगळ्यात आधी राहायचं आणि सुटायचं सगळ्यात शेवटी. नऊ वर्षं ह्याच गोष्टीचा मला माज.

धरून ठेवलं. कसं, विचारू नका. (कोण विचारणार? रोजनिशी?) थर उतरल्यावर पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसले. दादा लांबूनच म्हणाले, सीमा, पोटात काहीतरी टाकून येत जा गं.

१४ जुलै, सोमवार

हाफ डे. डॉक्टर डोंबिवलीतच, ऑफिसच्या गल्लीतली गाठली. घराजवळ कोपरीत गेले असते तर माझा रिपोर्ट माझ्या आधी सासूबाईंना कळला असता.

ईसीजी काढला. डॉक्टरबाई वयस्कर, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं अगदी छापल्यासारखं. हृदय उत्तम आहे म्हणाल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन बघून घेऊ, पण मला हा पॅनिक अ‍ॅटॅक वाटतो. "याने माणूस मरत नाही. पण मरतोय असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं."

मला राग आला. हृदय उत्तम, तर मग मी काय नाटक केलं? माझ्यासारखी धिप्पाड बाई, गॅसचा सिलिंडर एका हाताने दुसऱ्या मजल्यावर नेणारी, तिला पॅनिक? ते मोबाइलवर रडणाऱ्या लोकांना होतं. असं त्यांना म्हटलं नाही. वरणभाताचा डबा मांडीवर घेऊन मुकाट्याने मान हलवली.

घरच्या कटकटी विचारल्या. काही नाही म्हटलं. खरंच सांगण्यासारखं काही नाही. तेच जास्त वाईट वाटलं, कारण असतं काही तर दाखवायला तरी झालं असतं.

व्यायाम बंद करू नका म्हणाल्या. श्वास सोडताना लांब सोडा. आणि ते आलं की भांडू नका त्याच्याशी. भांडू नका! मला दुसरं येतं काय.

१७ जुलै

रिपोर्ट सगळे चांगले. वाईट आले असते तर गोळी मिळाली असती.

आता धडधड झाली की भीती आणि भीती वाटली की धडधड. जिना चढताना पहिल्या मजल्यावरच थांबले. मोबाइल बघतेय असं दाखवलं. शेजारच्या आजी भाजीची पिशवी घेऊन पुढे गेल्या, मला विचारलं, पाय दुखतो का. हो म्हटलं.

गच्चीवर दोरीच्या उड्या मारून बघितल्या. थोड्याच. छाती हलायला लागली तशी दोरी टाकून खाली आले. नऊ वर्षं ज्या अंगाच्या जिवावर ऐटीत फिरले त्याचीच आता भीती वाटते. रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून.

२० जुलै, रविवार

सरावाला दांडी. पाळीचं कारण. दादांना ते कारण दिलं की पुढचा प्रश्न येत नाही.

संजयला रात्री जेवताना सांगितलं. नवरा शांत माणूस, ऐरोलीला कंपनीत जातो, येतो, कोणाच्या अध्यात नाही. ऐकून घेतलं. म्हणाला, मग यंदा सोडून दे ना. चांगल्या मनाने म्हणाला. पण किती पटकन म्हणाला! जणू मी भिशी सोडायचं विचारत होते.

मैदानावर मी कोणाची सून नसते, कोणाची बायको नसते, बिलं काढणारी मॅडम नसते. मी खालची असते. मी हलले नाही तर वरच्या हलत नाहीत. ते सोडून दिलं तर राहिलं काय ते त्याला कसं सांगू.

२२ जुलै

रेश्माला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, तिचे पाय माझ्या खांद्यावर असतात. स्टेशनबाहेर चहा घेतला. हार्ट नाही ना? नाही ना? असं तीनदा विचारून झाल्यावर म्हणाली, मग काय नाय गं, आपण आहोत ना.

बरं वाटलं. खूप दिवसांनी पूर्ण वडापाव खाल्ला.

२४ जुलै, अमावस्या

दिवे पुजले. सासूबाईंनी तोंडाकडे बघून ओळखलं. "तुला कुनाची तरी नजर लागली गो. येवऱ्या उंच चरता, सगला गाव बघतंय." मी चढत नाही हो आई, मी खाली असते, म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मीठमोहऱ्या ओवाळल्या, चुलीत टाकायच्या त्या गॅसवर टाकल्या. तडतडल्या बऱ्याच. त्यांचं समाधान झालं. माझंही जरा झालं, खोटं कशाला बोलू.

२७ जुलै, रविवार

लिहवत नाहीये.

रेश्माने दादांना सांगितलं होतं. काळजीनेच. दादांनी सगळ्यांना. मैदानात पाऊल ठेवलं तर पोरी धावत आल्या, कोणी पाठीवरून हात फिरवतेय, कोणी लिंबूपाणी. दादा म्हणाले, सीमा कडेला पडते म्हणून तिला एकटं वाटतं, तिला आज मधोमध घ्या आणि बाहेरून चांगला रेटा द्या. आमच्याकडे डळमळणाऱ्याला असंच सावरतात. सगळ्यांनी मिळून आवळायचं. त्यानेच थर उभे राहतात, त्यात चूक काहीच नाही. मीच किती नव्या पोरींना असं आवळून उभं केलंय.

म्हणून मी नको म्हटलं नाही. म्हणायचं तरी काय? प्रेम कमी करा?

तर मधोमध. चारी बाजूंनी बायका, त्यांच्या बाहेर अजून बायका, सगळ्या आत रेटतायत. आम्ही आहोत, सीमा, आम्ही आहोत. माझी छाती फुगायला जागाच नव्हती. तिसरा थर चढला आणि ते आलं. लांब श्वास सोडायला गेले तर सोडायला आत काही नव्हतं.

उतरा, म्हणाले मी. आवाज निघाला की नाही माहीत नाही. तन्वी तेव्हा वर पोचत होती. तिने उतरायचं, मग बाकीच्यांनी, मग मी. एवढं थांबायचं होतं. नाही थांबता आलं. माझे हात सुटले. मी सोडले असं म्हणू? माझेच हात ते.

तन्वी बाहेरच्या बायकांच्या हातांवर आली, पण उजवा हात खाली सापडला. मनगट.

मी तिथेच सगळ्यांना सांगितलं, माझ्यामुळे झालं. कोणी ऐकून घेईना. घाम होता. माती ओली होती. पथकात थर पडले की कोणाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम. मीच नव्या पोरींना शिकवते.

२८ जुलै

तन्वीला प्लास्टर. तिच्या घरी गेले. आईने चहा दिला, हंडी म्हटलं की लागणारच म्हणाली. तन्वी प्लास्टरवर मैत्रिणींच्या सह्या घेत होती, पेन माझ्यापुढे केलं. सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की ती हसली.

कोणीतरी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० जुलै

रेश्मा भेटली. तिने नियम मोडला. दुसऱ्या कोणी मोडला असता तर चाललं असतं.

"तुझा खांदा माझ्या पायाखालून गेला, सीमा. मला कळलं ते. मी यंदा चढणार, पण तुझ्यावर नाय चढणार."

तिचं बरोबर आहे. तिला दोन लहान मुलं आहेत. मीही तिच्या जागी हेच म्हटलं असतं. म्हटलं असतं का? हो. घरी येऊन कणिक मळली. पोळ्या कोणाला खाता येईनात इतकी मळली.

३ ऑगस्ट, रविवार

दादांना सांगितलं, मला बाहेरच्या घेऱ्यात टाका. हात वर करून झेलायला उभ्या राहतात त्यांच्यात. ते शिट्टीशी चाळा करत राहिले. म्हणाले, तुझ्या जागी कोण गं? शहाडची प्रज्ञा आहे म्हटलं, दणकट आहे, शांत आहे. रेश्माला विचारा.

विचारलं त्यांनी. रेश्मा प्रज्ञावर चढली. बाहेरून पाहिलं मी. नऊ वर्षांत थर कसे दिसतात ते आज पहिल्यांदा पाहिलं. खाली असताना मान वर करायची नसते. छान दिसतात.

पण ते आलं नाही! बाहेरच्या घेऱ्यात अख्खा सराव उभी, आणि आलं नाही. म्हणजे ते वजनाचंच होतं. कोंडल्याचं. मोकळी राहिले की सुटले.

७ ऑगस्ट

डॉक्टरबाईंना हे सांगितलं. खुश होतील वाटलं. त्या म्हणाल्या, जागा बदलली हे ठीक, पण तेवढ्यावर फार विसंबू नका. समुपदेशनासाठी एक नाव आणि नंबर लिहून दिला. चिठ्ठी पर्समध्ये.

बाईंना काय कळतं हंडीतलं.

जिना रोज चढते. धडधड झाली की तिथेच उभी राहून होऊ देते. आज शेजारच्या आजी परत भेटल्या, पाय बरा का विचारलं.

१६ ऑगस्ट, गोपाळकाला

पाय सुजलेत. अंघोळ करून बसलेय. बाहेर अजून कुठेतरी डीजे चालू आहे.

सकाळी टेम्पोतून निघालो. सासूबाई कोपरीच्या नाक्यावर खुर्ची टाकून बसलेल्या, नातेवाइकांना दाखवत होत्या, ती बघा आमची सून. त्यांना मी बाहेरच्या घेऱ्यात आहे हे सांगितलेलं नाही.

दुसरी हंडी. चौकात गर्दी, पण आमच्याभोवती रिकामं रिंगण ठेवलेलं. पाच थरांची सलामी. मी बाहेर, दोन्ही हात वर. माझ्या बाजूला तन्वी. दादांनी तिला टेम्पोतच बसायला सांगितलं होतं, ऐकते कुठे. पथकाचा टी-शर्ट, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, डावा हात वर.

चौथा थर उभा राहत होता. आणि आलं.

खांद्यावर कोणी नव्हतं. नाकासमोर कोणाची मान नव्हती. वारा होता, डोक्यावर आभाळ, मागे पाऊल टाकलं असतं तर रस्ता मोकळा. तरी आलं. तीच धडधड, त्याच मुंग्या, तेच मरण. सगळ्यांत भयंकर हे की आता कशाला दोष देऊ? वजन नाही, रेटा नाही, कोंडणं नाही. मी सोडून तिथे काही नव्हतं. मग हे माझ्याबरोबर ऑफिसात येणार, स्वयंपाकघरात येणार, खडवलीला आईकडे गेले तर तिथेही येणार.

निघाले होते मी. एक पाय मागे टाकला होता.

तन्वीने बघितलं माझ्याकडे. "काकी, आलं काय?"

मान हलवली.

"जाऊ नका ना. मला एकच हात आहे."

वर नवी पोरगी टोकाला पोचत होती. ही तिच्यासाठी म्हणत होती. दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. ज्या बाईमुळे हिचा हात मोडला तिलाच ही सांगत होती.

पाय पुढे घेतला. हात वर ठेवले. वरची पडली असती तर त्यांनी तिला झेललं असतं का, मला ठाऊक नाही. श्वास लांब सोडायचं आठवलं, दोनदा जमलं, मग नाही. पोरीने वर सलामी दिली. लोक ओरडले. ती उतरली, मग तिच्या खालची, मग रेश्मा, मग प्रज्ञा मोकळी झाली. सगळ्या उतरून पाणी प्यायला लागल्या तरी मी हात वर करून उभीच. तन्वीने खाली ओढले.

रेश्मा बाटली घेऊन आली. बाटली माझ्या हातात देऊन गेली.

पुढची हंडी होती. टेम्पोत चढले. सगळ्यांच्या मधोमध जागा मिळाली. पुढच्या दोन्ही ठिकाणी आलं नाही, पण येईल म्हणून वाट बघण्यातच दिवस गेला. एकही थर नीट पाहिला नाही.

संजय विचारतोय, पुढल्या वर्षी काय. माहीत नाही म्हटलं. पर्समधली चिठ्ठी काढली, नंबर मोबाइलमध्ये टाकला. लावला नाही. उद्या रविवार, बंद असेल.