तीन ते सहा

३ मार्च, मंगळवार

काच घासायचं मशीन दुपारी बंद पडलं. चष्म्याच्या दुकानात मशीनवाल्याला दुसरं काम काय? मालक म्हणाले, "जा घरी. नाहीतरी महिनाअखेरीस सुटताय, आत्तापासून सवय करा." वर हसले. मी नाही हसलो.

साडेतीनला घरी. किल्लीने दार उघडलं. रेडिओ मोठ्याने चालू आणि ही माझ्या खुर्चीत — पाय टेबलावर! मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर पॅन. लोण्यात खरपूस तळलेले बटाट्याचे काप बोटांनी उचलून खात होती, गाण्याबरोबर मान डोलावत होती. अंगात लाल स्वेटर, कोपरांना हिरवी ठिगळं. मला वाटत होतं तो कधीच कुणाला तरी देऊन टाकला.

मला पाहिलं आणि पाय खाली. रेडिओ बंद. "अहो, बरं नाही का?" मी बूट काढेपर्यंत अंगात राखाडी स्वेटर आलासुद्धा.

घर माझं, आणि चोरासारखा उभा मी!

४ मार्च

रात्री जेवायला उकडलेली भाजी. विचारलं, कालचे बटाटे उरले नाहीत का?

"तुम्हाला तेलकट चालत नाही ना."

कोण म्हणालं? मीच म्हणालो असणार. बावीस वर्षांपूर्वी आठवडाभर पोट बिघडलं होतं तेव्हा. त्यानंतर कुणी विचारलं का मला?

५ मार्च

स्वेटरचं आठवलं. स्वतः विणला होता तिने. पहिल्यांदा घालून बाहेर आली तेव्हा मेहुणीसमोर मी म्हणालो, "सिग्नल दिसतेस. गाड्या थांबतील." सगळे हसले. हीसुद्धा हसली.

एक विनोद केला माणसाने. तो इतकी वर्षं मनात धरून बसायचं?

८ मार्च, रविवार

म्हटलं, आज कर ते बटाटे. दोघं मिळून खाऊ.

केले. पण ताटल्यांत, काटे-चमच्यांसकट. ही समोर ताठ बसलेली, राखाडी स्वेटरमध्ये, नजर माझ्या तोंडाकडे. "कसे झालेत?"

झकास झाले होते. तसं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "मीठ जरा कमी असतं तर..."

काय जीभ आहे! हिने स्वतःच्या ताटलीतले काप माझ्या ताटलीत सारले. तिला फारशी भूक नव्हती म्हणे. मी सगळे संपवले. रेडिओ लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

१२ मार्च

बोलणं नाही. म्हणजे भांडण नाही. बोलायला काही नव्हतं.

१७ मार्च

ही मेहुणीशी फोनवर बोलत होती. मी आंघोळीला गेलोय अशी तिची समजूत. "एक तारखेपासून घरीच असतील गं. दिवसभर." डॉक्टरने दुखणं सांगावं तसं ते 'दिवसभर'.

पलीकडून मेहुणी काहीतरी बोलली असेल. मग ही म्हणाली, "नाही गं, स्वभावाने वाईट नाहीत ते."

चौतीस वर्षं संसार केला, त्याचं हे सर्टिफिकेट! न्हाणीघरात नळ सोडून तसाच उभा राहिलो. राग आला. खूप राग आला. मी मारलं नाही, दारू प्यालो नाही, कधी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि माझ्या नवऱ्यापणाची मजल काय, तर मी नसताना बायकोला भूक लागते!

रागच होता ना? लिहायला बसलो तर नक्की सांगता येत नाही.

२६ मार्च

मशीनवर नवा माणूस आला. हात चांगला आहे त्याचा. सांगण्यासारखं विशेष काही उरलेलं नाही.

३१ मार्च

दुकानात फुलं, केक, घड्याळ. सगळे पांगल्यावर मालकांना गाठलं. म्हणालो, पुढे बसून फ्रेमा पुसत जाईन, पगार नको. रोज तीन ते सहा तेवढं येऊ द्या. ते हो म्हणाले.

घरी सांगितलं, मालक सोडायलाच तयार नाहीत. "अरेरे," ही म्हणाली. चेहरा काही तिला लपवता आला नाही. इतकी छान दिसली की बघवेना.