बैठकीच्या खोलीची मापं

॥ श्री ॥
दि. ६ जानेवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडचं तू कळवत नाहीस, तेव्हा ठीकच असणार असं धरून चालते.

फोन सोडून पत्र लिहायला बसले त्याला कारण आहे. फोन लावला की हे शेजारी बसून काय म्हणतोय, काय म्हणतोय करत राहतात, आणि माझं बोलणं अर्धवट राहतं. शिवाय तुला तोंडी मापं सांगण्यात अर्थ नाही. लहानपणी आईने पडद्याचं कापड आणायला पाठवलं होतं आणि तू रुमालाएवढं घेऊन आला होतास, ते मी विसरलेले नाही.

तर विषय असा. हे आता निवृत्त झाले. पाणीपुरवठ्याच्या पंपावर सगळा जन्म पाळ्यांमध्ये गेला. लग्नानंतर आम्ही जे काही सिनेमे पाहिले ते मध्यंतरापर्यंतच. तिथे ह्यांच्या पाळीची वेळ व्हायची, आणि एकटीने काय बसायचं म्हणून मीही उठायची. आता म्हणतात, सगळे शेवट बघायचे राहिलेत. दुसरं काही मागत नाहीत रे. तू मागे म्हणाला होतास की टीव्हीला छोटा कॉम्प्युटर जोडला की सिनेमे त्यात साठवता येतात, हवे तिथे थांबवता येतात, आणि चांगले स्पीकर लावले की घरीच थिएटर होतं. तसं आमच्या बैठकीच्या खोलीत करून दे.

नव्या घरात तू अजून पाय ठेवला नाहीस, म्हणून मापं पाठवते. खोली पंधरा फूट लांब, अकरा फूट रुंद. दार एका टोकाला, आतल्या खोलीचं दार दुसऱ्या टोकाला. लांब भिंतीत मधोमध रस्त्याकडची खिडकी, जमिनीपासून अडीच फुटांवर. समोरची भिंत पूर्ण मोकळी, तिच्यात दोन स्विचबोर्ड. दाराजवळ पुस्तकांचं कपाट. मापं चोख आहेत, कारण टेपचं दुसरं टोक आईंनी धरलं होतं. सासूबाई मांडीचं हाड मोडल्यापासून आमच्याकडेच आहेत हे तुला ठाऊक आहेच. पडल्या पडल्या असं घट्ट धरलं की टेप तसूभर हलली नाही.

खर्च बेताचा हवा. माझ्या वहीत करमणूक असं सदरच नाही, ते नव्याने पाडावं लागेल. जुन्या वस्तू चालतील, फक्त तुझ्या त्या रेडिओसारखा धूर यायला नको.

उत्तर लवकर आलं तर तुझा लोभ आहे असं समजेन.
तुझी,
ताई


दि. १५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मापं आमच्या लॅबमधल्या सगळ्यांना दाखवली. साहेब म्हणाले, बहिणीला इकडे पाठव आणि तू तिच्याकडे जाऊन भाजी चीर.

नकाशा सोबत आहे. कॉलेजने मोडीत काढलेला एक छोटा कॉम्प्युटर मी लिलावात घेतला. त्याची फिरती डिस्क करकर वाजायची, ती काढून आवाज न करणारी बसवली. पंखाही मोठा आणि संथ घातलाय, कारण पडद्यावर दोन माणसं हळू बोलत असताना खाली डबा घरघरायला लागला तर सगळी मजा जाते. स्पीकर पाच. भाऊजींचे कान पंपांनी नेले आहेत हे लक्षात ठेवून मधला जरा भारीतला घेतला. सिनेमातलं बोलणं सगळं त्यातून येतं.

टीव्ही मोकळ्या भिंतीवर. बरोबर समोर, खिडकीखाली, सोफा. मागचे दोन स्पीकर त्याच्या दोन्ही अंगांना. खिडकीखालची भिंत तू रिकामी दाखवलीस आणि मला हायसं वाटलं. लोकांच्या घरात ही जागा कधी मिळत नाही, तिथे हमखास काहीतरी अडलेलं असतं. खिडकीला जाड पडदा लावून टाक, म्हणजे उजेड टीव्हीवर येणार नाही.

आणि ताई, कॉम्प्युटरवर भरतकामाचं आवरण घालायचं नाही. तो गरम होतो. तू घालणार हे मला माहीत आहे म्हणून आधीच हात जोडतो.

भाऊजींना आणि त्यांच्या आईंना नमस्कार. रागावत राहा, म्हणजे आठवण आहे हे कळतं.
तुझा,
खटपट्या


॥ श्री ॥
दि. २ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद. खोकी पोचली. ह्यांनी तुझा नकाशा भिंतीला चिकटवला आणि दोन दिवस स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उतरले नाहीत. एक वायर उघडी दिसत नाही. खोलीत थोडी हलवाहलव करावी लागली, ती केली.

पहिलाच सिनेमा लावला तो आम्ही लग्नाच्या वर्षी अर्धा सोडून आलो होतो तो. मध्यंतर आलं तसे हे सवयीने चपला शोधायला लागले. मी दंडाला धरून बसवलं. शेवटी डोळे पुसत म्हणाले, इतकी वर्षं मला वाटत होतं की तो मरतो.

आवरण घातलेलं नाही. जाळीचं शिवलंय, त्याला आवरण म्हणत नाहीत.

देव तुझं भलं करो. माया आहे ती राहू दे.
तुझी,
ताई


दि. २० फेब्रुवारी

चि. इंजिनियरसाहेबांस,
अनेक आशीर्वाद. मी तुमच्या ताईची सासू. अक्षर वाकडं आलंय, आतल्या खोलीत उजेड बेताचा आहे. मुद्दाम लिहिते की तुम्ही फार चांगलं काम केलंत. माझ्या मुलाला इतकं हसताना तो शाळेत होता तेव्हा ऐकलं होतं, त्यानंतर आत्ताच.

तुमच्या नकाशाप्रमाणे माझी खाट खिडकीखालून आत आणली. सोय चांगली आहे. बघण्यासारखं काही नसल्याने नामस्मरण सलग होतं.

एक काम होतं. समोरचा शिंपी सकाळी दुकान उघडताना मला हात करायचा, आणि शाळेतल्या मुली जाता-येता आजी, आजी करायच्या. खिडकीला आता पडदा असतो. मी बरी आहे, कुठे गेलेली नाही, एवढा निरोप त्यांना द्यायला तुम्ही सूनबाईला सुचवाल का? मी सांगितलं तर तिला वाटेल मी तक्रार करते. बिचारी आधीच फार करते माझं.

पाकीट धुणं करायला येते त्या बाईकडून सूनबाईच्या कपाटातून काढून घेतलंय. एक कमी भरलं की सूनबाई घर उलटंपालटं करील, तेव्हा सांगेन. हे पेटीतही तीच बाई टाकणार आहे.

सुखी असा.
ताईच्या सासूबाई


दि. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. सोबत आईंचं पत्र पाठवतो आहे. त्यांनी विश्वासाने लिहिलं, ते तुला दाखवणं बरं नाही, पण न दाखवणं त्याहून वाईट वाटलं.

कोणती खाट? खिडकीखाली काही नाही असं समजून मी सोफा तिथे मांडला. आता तुझ्या सासूबाई मला शाबासकी देतात, आणि त्यांना तिथून उठवणारा मीच आहे. भाऊजींनाही असंच वाटतं का?

चिडून लिहीत नाही. पण रात्रीपासून जेवण गोड लागत नाही.
तुझा,
भाऊ


॥ श्री ॥
दि. ३ मार्च

चि. भावास,
आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं. मी कागद फाडत नाही हे तुला माहीत आहे.

खाट होती. खिडकीखालीच होती. आई तिच्यावर पडूनच टेपचं टोक धरून होत्या. दार मापलं, कपाट मापलं, खिडकी मापली, आणि टेप खाटेपाशी आली तशी मी ती गुंडाळून ठेवली. खाट लिहिली असती तर तू कळवलं असतंस की ताई, इथे जमायचं नाही. मला तेवढंच ऐकायचं नव्हतं. ह्यांच्यासाठी मागते आहे असं मी तुला लिहिलं. खरं होतं ते. पण शेवट मलाही बघायचे होते रे.

नकाशा आला, मी ह्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, भाऊ शिकलेला आहे, तो म्हणतो सोफा इथेच हवा. ह्यांनी विचारलं, मग आईचं काय. मी म्हटलं, आत शांतता आहे, देवाचं नाव नीट घेता येईल. देवाचं नाव मी असं वापरलं. हे काही बोलायच्या आत आईंनीच मान डोलावली. मी एक अक्षर खोटं बोलले नाही, आणि तेच आता जास्त बोचतं.

अजून एक आहे. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी लढाईचा सिनेमा लावला होता. ह्यांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवलेला. मागच्या स्पीकरमधून घोडे असे दौडत होते की मी पाय वर घेऊन बसले. संपल्यावर चहा घेऊन आत गेले, तर आई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. चादर अर्धी ओढून काढलेली, तिचा बोळा उशीखाली कोंबत होत्या. मला बघून म्हणाल्या, पाणी सांडलं गं. पाण्याचा पेला खुर्चीवर काठोकाठ भरलेला होता.

त्यांनी हाका मारल्या असणार. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. होय, सांडलं असेल, म्हणून मी चादर बदलली. ह्यांनाही तेच सांगितलं.

सकाळी देवापुढे उभी राहते तर मागायला काही सुचत नाही. डोळे मिटले की तो भरलेला पेला दिसतो.

शिंप्याला निरोप दिला. तो म्हणाला, आम्हाला वाटलं आजी गेल्या.

तुला मध्ये घातलं, त्याची माफी कशी मागायची कळत नाही. जमेल तेव्हा दोन ओळी लिही.
तुझी,
ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. सगळं तू एकटीने अंगावर घेऊ नकोस. आईंनी पडल्या पडल्या टेप धरली असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. त्या कशावर पडल्या होत्या हे विचारायचं मला सुचलं नाही. स्पीकरला जागा मिळाली यातच मी खूश. घर बघायला येतो येतो म्हणत वर्ष काढलं. आलो असतो तर दारातूनच खाट दिसली असती.

सोबत एक बटण पाठवतो. काडेपेटीएवढं आहे, वायर नाही. त्याची चिमुकली जोडणी कॉम्प्युटरच्या मागे खुपसायची आणि बटण आईंच्या हाताशी द्यायचं. त्यांनी दाबलं की सिनेमा जागच्या जागी थांबेल, आवाज बंद होईल आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘आई’ असं येईल. तीनदा तपासलंय. हा काही उपाय झाला नाही हे मलाही कळतं. पण हाक वाया जाऊ नये.

भाऊजींना तूच सांग. माझ्याकडून कळायला नको.
तुझा,
खटपट्या


॥ श्री ॥
दि. २८ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद. बटण पोचलं. आता सगळं क्रमाने सांगते.

पहिल्या दिवशी ‘आई’ आलं तसे आम्ही दोघं धावत आत गेलो. चप्पल हवी होती. दुसऱ्या दिवशी नायक कड्याला लटकलेला असताना आलं. हे गेले, तर म्हणाल्या, काही नाही, चालतं का बघत होते. तिसऱ्या दिवशी एका सिनेमात चार वेळा. हे वैतागले, म्हणाले, पंपावर होतो तेव्हा निदान एकच मध्यंतर असायचं. मी आत गेले आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं की आई, आता काय हवंय. बटण मुठीत धरून त्या म्हणाल्या की तुम्ही हसता ते ऐकू येतं, कशाला हसलात तेवढं कळत नाही.

बाहेर येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. टेपचं, नकाशाचं, चादरीचं. हे उठले, पान्हा घेतला, आत जाऊन आईंना खुर्चीत बसवलं आणि खाटेचे बोल्ट सोडायला लागले. मी दुसरी बाजू धरली. संध्याकाळच्या आत खाट खिडकीखाली उभी होती आणि सोफा आतल्या खोलीत. पडदा काढला. शिंप्याने दुकानातून दोन्ही हात वर केले, गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून.

आता तुझा नकाशा पार बिघडलाय. मागचा एक स्पीकर आईंच्या उशाशी आला आहे. दुपारी उजेडाने अर्धा टीव्ही दिसत नाही. आम्ही दोघं खुर्च्या टाकून भिंतीला टेकून बसतो आणि माना वाकड्या करून बघतो. म्हणून नवी मापं घेतली.

टेपचं टोक आईंकडेच दिलं. दार झालं, कपाट झालं, आणि खाटेपाशी आल्यावर माझा हातच पुढे जाईना. तेवढ्यात पलीकडून टेपला हिसका बसला. आई म्हणाल्या, घे की पुढे, मागच्या वेळी इथेच थांबली होतीस.

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून मान डोलावली, माहीत असून तुला शाबासकी लिहिली. मी खाली बसले ती बराच वेळ उठले नाही. आईंनी समजूत घातली नाही, रागावल्याही नाहीत. टेप मात्र ताणून धरली होती. शेवटी मीच उठले आणि माप घेतलं.

तेव्हा लिहून घे. खाट: सहा फूट लांब, तीन फूट रुंद, खिडकीखाली, भिंतीला लागून. बाकीचं पहिल्या पत्रात आहेच. आता हिच्याभोवती काय बसतं ते बसव. आणि या वेळी नकाशा टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

येशील तेव्हाच लोभाचं बोलू.
तुझी,
ताई

ता. क. इंजिनियरसाहेब, मापं बरोबर आहेत, मी बघितली आहेत. बटण परत मागू नका. मी आता खोलीतच आहे, त्याची गरज नाही, हे मला कळतं. पण देणार नाही.
सासूबाई