धाकटीचा पक्षी

४ मार्च
पुन्हा पांढरा डाग! कालच खरवडला होता. धक्क्यावरच्या प्रतीक्षालयाची ही भिंत समुद्राला पाठ लावून उभी आहे – खारी ओल आतून येते, मिठाचा पांढरा लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. सगळं कळतं मला. पण नेमका त्याच कोपऱ्यात? उभा, सडपातळ, वर किंचित झुकलेला. माझी धाकटी बहीण अशीच उभी राहायची.

७ मार्च
भिंतभर समुद्रावरचे कुरव पक्षी रंगवतेय. समुद्रात गेलेल्या प्रत्येकासाठी एक. आज एका बुडालेल्या नावाड्याची बायको आली. बघत बसल्या मावशी, बसल्या... मग म्हणाल्या, "हा आमचा नाही वाटत. आमचे हे मान वाकडी करून बसायचे." केली मान वाकडी. खूश! जाताना पक्ष्यालाच दटावलं, "आता तरी वेळेवर घरी या."
हसले मी. नंतर ब्रश हातात धरवेना.

१० मार्च
वारा. काही काम नाही.

१३ मार्च
धाकटी बुडाली त्याला वर्षं लोटली. खडकावर नुसत्या चपला सापडल्या – शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. एरवी घरात तिच्या चपला चार दिशांना! तेव्हापासून मी समुद्राशिवाय काही काढलं नाही. शिंपले, लाटा, रिकामे खडक. प्रदर्शनात लोक म्हणतात, "केवढी शांतता आहे हो!" शांतता कसली? मला प्रत्येक चित्रातून तिची हाक येते – "ताई, बघ ना."

आईला म्हटलं, उद्या धाकटीचा पक्षी काढते. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचा नको."
"का पण?"
"नको म्हटलं ना!"
एकदाही रडली नाही ही बाई. काळजाचा दगड झालाय.

१४ मार्च
काढला. डागाच्याच जागी, त्याचाच आकार धरून.

१७ मार्च
डाग आला नाही! भिंत ठणठणीत कोरडी. वाटलं, सुटली बिचारी. घरी येऊन आईच्या मांडीत डोकं खुपसलं आणि रडले, पोटभर. तिने केसांतून हात फिरवला नाही. तो नुसता पडून राहिला माझ्या डोक्यावर.

१८ मार्च
आई धक्क्यावर आली. माझ्या हातातली पत्र्याची पट्टी ओढून घेतली आणि पक्षी खरवडायलाच लागली. "आई, अगं काय करतेस!" – "जिवंत आहे ती. चपला ठेवून निघून गेली. फोन करते मला."

दर वेळी धाकटी एकच बजावते म्हणे. "ताईला कळू देऊ नकोस. ती मला परत घरी न्यायला येईल."