जपानच्या विहिणीले इचोड्याच्या शिव्या

५ एप्रिल १९९९, सोमवार

मी सांगून राह्यली, सून भागीरथा लिहून राह्यली. मले अक्षर येत नाही, पण शिव्या साऱ्या पाठ. लग्नात नवरदेवाच्या मायले गाण्यातून शिव्या द्यायच्या, तर इचोड्यात माझ्याशिवाय कोण? अन् उद्धवरावानं पोरीच्या लग्नाले ब्यांड ठरवला! म्हणे, मावशी, तुमी फक्त जेवायले या. मी कोणत्या मांडवात गायल्याशिवाय जेवली?

निश्चय: हे लग्न माझ्याच गाण्यानं लागेल.

८ एप्रिल

जावई चंपतराव आदिलाबादेत कम्प्युटर चालवतात. त्यायले विचारलं, ब्यांडपेक्षा मोठं कसं व्हायचं? म्हणाले, इंटरनेटवर गाणं चढवा, जपानी लोक असलं शोधून शोधून ऐकतात. झालं! जपाननं ऐकलं की उद्धवराव माझे पाय धुऊन नेईल.

आजपासून लोणचं बंद. आवाजासाठी.

१२ एप्रिल

रेकॉर्डिंग माझ्या रामाजीच्या पिठाच्या गिरणीत केलं. तिथं मागं झील धरायले बाया आयत्या. दळण झाल्याशिवाय कोणी हलत नाही. इंजन बंद कर म्हटलं, तर पोरगा म्हणे, माय, जयवंताबाईची ज्वारी अर्धी झाली, कसं बंद करू? चालू दे. माझ्या आवाजापुढं इंजन काय!

लोणच्याची एक फोड खाल्ली. लिंबाची होती. मी बंद केलं ते आंब्याचं.

२२ एप्रिल

जपान मुकं. चंपतराव म्हणतात, गाण्याखाली इंग्रजीत दोन ओळी टाकाव्या लागतील. मी म्हटलं, टाका: जिले माझी शिवी पडत नाही, ती विहीण वर्षभर रुसून बसते. ते म्हणाले, जपानी लई अदबीचे, 'स्वागतगीत' लिहितो. लिहा बापा. शिवी माझी, अदब तुमची.

३० एप्रिल

आलं! ओगावा नावाच्या जपान्याचा ईमेल! चंपतरावांनी एसटीडीवाल्याकडं फोन लावून सांगितलं: त्याले टेप लई आवडला, रोज ऐकतो, कॅसेट पाहिजे. पुढचं ऐकायच्या आत मी फोन ठेवला. गावभर सांगायचं होतं ना.

संध्याकाळी उद्धवराव स्वतः दारात. मावशी, गायले या, अन् जपानचं पत्र मांडवात वाचू. म्हटलं, पाहू, वेळ मिळाला तर. (वेळच वेळ आहे. भागीरथा, हे लिहू नको.)

ओगावाच्या मायसाठी नवी शिवी जोडली:

ओगावाची माय बसली पंगतीले,

लाडू बांधून नेते पदराच्या गाठीले!

भागीरथा म्हणे, आत्याबाई, जपानात पदर नसतो. मंग लाडू नेते कशात?

८ मे

काल लग्न झालं. मांडव गच्च, मी मधोमध, समोर विहीण शकुबाई. चंपतराव पत्र वाचायले उभे राहिले अन् उगाच घाम पुसत राह्यले. मीच म्हटलं, वाचा, लाजता काऊन? वाचलं. ओगावा लिहितो: मी जगभरच्या जुन्या इंजनांचे आवाज जमवतो. तुमचं इंजन फार सुंदर आहे. त्याची कॅसेट पाठवा, मात्र जमल्यास त्या बाईंना थोडं लांब उभं करा.

मांडव हसून लोळला. मी घसा खाकरून तोंड उघडलं, तर शकुबाईच उठली. नवरदेवाची माय, अन् उलट मलेच:

इंजन गाते फुकफुक,

म्हातारी पाहते टुकटुक!

माझ्या गिरणीतल्या बायायनीच झील धरली. जयवंताबाईचा आवाज साऱ्यायच्या वर.

मले उत्तर सुचलं, पण बुंदी वाढून झाली होती. न गाताच जेवली. दोनदा वाढून घेतलं.

१० मे

रामाजी आज ओगावासाठी इंजनाची कॅसेट भरणार. म्हणे, माय, तू घरीच थांब. मी म्हटलं, येते, लांब उभी राहीन. ओगावानं 'थोडं लांब' लिहिलंय. किती, ते लिहिलं नाही. गिरणीच्या दारातून माझा आवाज बरा पोचतो.

लोणचं पुन्हा बंद. लिंबाचंबी.